दोन नावांची चिठ्ठी

एकदा एक वृद्ध मिस्त्री होते. ऋषी नव्हेत, मुनी नव्हेत, आणि पर्णकुटी तर नव्हतीच. बाजारपेठेच्या टोकाला पत्र्याचे शेड, दारात जळालेल्या पंपांची रांग आणि आत वॉर्निशचा वास. मोटरीतली जळकी तांब्याची तार उपसायची आणि नवी भरायची, हा त्यांचा व्यवसाय. ज्ञानी माणसे वडाच्या झाडाखालीच बसतात असा ज्यांचा समज असेल, त्यांनी ही गोष्ट जरा धीराने ऐकावी.

या मिस्त्रींची कीर्ती मात्र पंपांमुळे झालेली नव्हती. ती झाली होती विजेवर वाजणाऱ्या गिटारीमुळे. तीस वर्षांपूर्वी एका ऑर्केस्ट्रातले एक गिटारवादक मुकी झालेली गिटार काखोटीला मारून त्यांच्या दारात आले होते, कारण शहरात कुणी तिला हात लावायला तयार नव्हते. मिस्त्रींनी गिटार उघडली. तारांच्या खाली बोटभर लांबीची एक डबी होती. डबीत सहा छोटे लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की चुंबक ती थरथर टिपतात आणि वेढे ती स्पीकरपर्यंत पोचवतात. या डबीला पिकअप म्हणतात. मिस्त्री हसून म्हणाले होते, “ही तर आमच्या मोटरीची धाकटी बहीण. ठेवून जावा.”

त्या दिवसापासून दूरदूरचे वादक त्यांच्याकडे येऊ लागले. हल्ली दुहेरी वेढ्यांचे पिकअप मिळतात. त्यांत एक गुंडाळी दुसरीची घरघर गिळून टाकते आणि सगळे कसे शांत असते. जुन्या धाटणीचा एकेरी पिकअप मात्र स्वभावाने गुणगुणता असतो. बटन दाबले की आधी त्याची बारीक घूं ऐकू येते. पण तार छेडल्यावर भरल्या पेल्याला टिचकी मारावी तसा जो स्वच्छ, ओला आवाज उमटतो, तो एकेरीचाच. ज्याला त्याची गोडी लागली, त्याला दुसरे काही रुचत नाही. मी स्वतः या रोगाचा जुना रुग्ण आहे, तेव्हा माझे बोलणे त्या हिशेबाने घ्यावे.

मिस्त्रींची एक रीत होती. वेढे पूर्ण झाले, ते हलू नयेत म्हणून मेण पाजून झाले, की झाकण बसवण्यापूर्वी ते डबीत कागदाची एक चिमुकली चिठ्ठी सरकवत. चिठ्ठीवर दोन नावे. वर, ज्याच्यासाठी पिकअप भरला त्याचे. खाली, ज्याने भरला त्याचे. झाकण बसले की ती चिठ्ठी कुणाला दिसत नसे. पुन्हा पिकअप जळेल तेव्हाच ती उघड्यावर यायची, म्हणजे कदाचित कधीच नाही. तरीही मिस्त्री ती मान खाली घालून, एखादा दस्तऐवज लिहावा तशी लिहीत.

त्यांना शिष्या एकच. सव्वीस वर्षांची तरुणी, आयटीआयमध्ये वाइंडिंगला पहिली आलेली. पाच वर्षे ती त्यांच्याजवळ शिकत होती. पंपांची सगळी कामे आता तीच करी. पिकअपही भरी, पण त्यातल्या चिठ्ठीत खालचे नाव मिस्त्रींचेच असे. तिने एकदा धीर करून विचारले होते, “अण्णा, माझं नाव कवा येणार?”

“येईल की,” ते म्हणाले होते, “तुझं काम आलं की तुझं नाव येईल.”

हे उत्तर तिच्या मनाला लागले होते. मी करते ते काम माझे नाही तर आणखी कुणाचे, असा तिचा सरळ प्रश्न होता आणि तो चुकीचा होता असे मी तरी म्हणणार नाही. त्या दिवसापासून तिने चंग बांधला. अण्णांच्या कामात आणि आपल्या कामात केसाचाही फरक राहता कामा नये.

आता मिस्त्रींच्या उजव्या हाताचे पहिले बोट वाकडे होते. तरुणपणी पंपाच्या पट्ट्यात सापडून मोडले, ते तसेच बसले. वेढे भरायच्या यंत्राची मूठ डाव्या हाताने फिरवताना तार उजव्या हाताच्या याच बोटावरून जाई, आणि वाकड्या बोटामुळे ती मधूनच उडी मारी. मोटरीचे वेढे कवायतीतल्या पोरांसारखे एका रांगेत लागतात; मिस्त्रींच्या पिकअपचे वेढे मात्र थोडे विस्कटलेले असत. त्या विस्कटण्यातून वेढ्यांमध्ये हवा राहते आणि बारीक सूर दबत नाहीत, हे शिष्येला ठाऊक होते. तिने आईस्क्रीमची काडी घेतली, आपले धडधाकट बोट तिला टेकवून वाकडे केले आणि वर इन्सुलेशनची काळी टेप गुंडाळली. दोन वर्षे ती अशीच वेढे भरत होती. मिस्त्री आले की हात पाठीमागे. गुरूची विद्या घ्यावी हे आपण सगळेच सांगतो. गुरूचे मोडलेले बोटही उचलणारी शिष्या मात्र मी एवढी एकच ऐकली.

पुढे मिस्त्रींचे हात कापू लागले. जाड तार ते अजून लीलया हाताळत, पण केसाएवढी तार बोटांत येता येता तुटे. अशा दिवसांत जिल्ह्याच्या गावचा वाद्यांचा एक व्यापारी त्यांच्याकडे एक गिटार घेऊन आला. ती त्याच वादकांची होती, जे तीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले होते. बराच काळ आजारी असल्यामुळे त्यांनी वाजवणे सोडले होते. आता ऑर्केस्ट्रातल्या जुन्या सोबत्यांनी त्यांच्यासाठी कार्यक्रम ठरवला होता आणि गिटारीचा पिकअप नेमका मेला होता.

“मास्तरांचा निरोप एकच आहे,” व्यापारी म्हणाला. “पहिला होता तसाच पाहिजे. एका वेढ्याचा फरक नको.”

मिस्त्रींनी आपल्या कापऱ्या हातांकडे पाहिले आणि गिटार शिष्येपुढे सरकवली. “हे तू कर. जमलं तर चिठ्ठीत खाली तुझं नाव.”

तिला दुसरे काही नको होते. तिने जुनी डबी उघडली. तीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी पिवळी पडून आत होती. तिने ती नीट बाजूला ठेवली. जुनी तार उलटी सोडवत तिने एकेक वेढा मोजला. आठ हजार चारशे. तेवढेच भरायचे ठरवले. तारेची जाडी तीच, चुंबक तेच, ओढ तीच. बोटाला काडी बांधली. तीन दिवस ती जेवायला उठली तेवढीच. चौथ्या दिवशी गिटार तयार झाली. चिठ्ठी अजून कोरी होती. ती अण्णांच्या समोरच लिहायची असे तिने ठरवले होते.

व्यापारी आला. त्याला गिटार बरी वाजवता येत असे. दुकानात गिऱ्हाइकांसमोर वाजवून वाजवून हात तयार झाला होता. त्याने तारा छेडायची प्लास्टिकची पट्टी घेतली आणि सणसणीत फटका मारला. आवाज शेडभर घुमला. दाट, गोल, कुठेही न बोचणारा. व्यापाऱ्याने डोळे मिटले.

“तोच! मिस्त्री, आईशप्पत तोच! जत्रेच्या मैदानात ऐकला होता ना, तोच हा आवाज!” तो उठून उभा राहिला. “आता मला काळजी नाही. तुमचा हात गेला तरी तुमचा आवाज राहिला. मला असे शंभर पिकअप द्या. हुबेहूब असेच. वर तुमचं नाव छापतो.”

मिस्त्रींनीही डोळे मिटून ऐकले होते. ते म्हणाले, “खरं हाय. उत्तम झालंय. मला स्वतःला दोन्हीतला फरक सांगता यायचा न्हाई.”

शिष्येचे कान लाल झाले. पाच वर्षांत अण्णांच्या तोंडून ‘उत्तम’ हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला होता.

मग मिस्त्रींनी गिटार आपल्या मांडीवर घेतली. तारा सैल केल्या, स्क्रू काढले, डबी बाहेर घेतली, झाकण उतरवले. व्यापाऱ्याला वाटले, चिठ्ठी घालत असतील. शिष्येलाही तेच वाटले आणि तिने पेन पुढे केले. मिस्त्रींनी पेन घेतले नाही. त्यांनी टेबलावरचे पाते उचलले आणि आठ हजार चारशे वेढे एका रेघेत उभे कापून टाकले.

तांबूस तारेचे झुबके त्यांच्या मांडीवर पडले. मग व्यापाऱ्याचा आवाज चढला.

“डोकं फिरलं काय तुमचं? आत्ता उत्तम म्हणालात ना?”

“म्हणालो.”

“मग?”

मिस्त्री शिष्येकडे वळले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसण्यासाठी तिने हात पुढे आणला होता. काळी टेप गुंडाळलेले बोट सगळ्यांना दिसले.

“माझं बोट पंपाच्या पट्ट्यात मोडलं,” मिस्त्री म्हणाले. “तुझं कशात मोडलं, पोरी?”

तिने हात पुन्हा पाठीमागे घेतला. मिस्त्रींनी व्यापाऱ्याला सांगितले, “शेठ, उद्या मास्तरांना घेऊन या. गिटार ज्याची, तो माणूस अजून आमच्या दारात आलेलाच न्हाई.”

त्या संध्याकाळी शिष्येने काम सोडायचे ठरवले होते, हे तिने पुढे स्वतःच सांगितले. मत्सर, असे तिला वाटले. म्हाताऱ्याला आपल्यासारखे दुसरे कुणी झालेले बघवत नाही. कोणत्याही शिष्याला असेच वाटले असते. तुम्हा-आम्हाला तर नक्कीच. पण मास्तरांची गिटार तिने मुकी केली होती, नव्हे तिच्या देखत ती मुकी झाली होती. ती तशीच सोडून जाणे तिच्या हाताला पटेना. सकाळी ती आली.

दहाच्या सुमारास वादक आले. उंच, वाळलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले. मिस्त्रींनी त्यांना स्टुलावर बसवले आणि तारा पुन्हा ताणून गिटार त्यांच्या हाती दिली. स्पीकर जोडला नाही.

“मास्तर, तशीच वाजवा.”

मग त्यांनी खिळ्यावरचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढून शिष्येला दिला. मोटर वाइंडिंग करणाऱ्या कुणालाही या खुणेचा अर्थ कळतो. स्क्रू ड्रायव्हरचे टोक मोटरीच्या अंगाला लावायचे आणि मूठ कानाला. आत बेअरिंग कुठे घासते आहे ते स्पष्ट ऐकू येते. मोटर उघडण्याआधी तिचे ऐकून घ्यावे, हा या शेडमधला पहिला धडा. शिष्येने तो हजार पंपांवर गिरवला होता. गिटारीवर मात्र तिने तो कधी करून पाहिला नव्हता.

तिने टोक गिटारीच्या लाकडाला टेकवले आणि मूठ कानाला लावली. वादक वाजवू लागले.

ती फटक्याची वाट पाहत होती. फटका आला नाही. पट्टीचा खटका आला नाही, नखाचाही नाही. तिच्या कानात अंगठ्याच्या मऊ मांसाचा तारेवरून सरकण्याचा आवाज आला. एक सूर, मग थोडी उसंत, मग दुसरा. दर चौथ्या सुराला हात जरा मागे राहत होता आणि तो मागे राहिलेला सूरच सगळ्यांत हळुवार होता. तिने मान वर केली.

“मास्तर,” ती म्हणाली, “तुमचा हात...”

वादकांनी वाजवणे थांबवले. व्यापाऱ्याकडे एकदा पाहिले आणि मग जमिनीकडे.

“दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला,” ते म्हणाले. “पट्टी धरवत नाही. कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, पहिला आवाज परत मिळाला तर पहिला हातही परत येईल.”

एवढे बोलून त्या उंच माणसाने डोळे मिटून घेतले. व्यापाऱ्याने खिशातून रुमाल काढला आणि तो कुणाला द्यावा हे न कळून पुन्हा आत ठेवला. मला त्या व्यापाऱ्याचा राग येत नाही. त्याला जे मागितले होते तेच तो आणत होता.

शिष्येने बोटावरची टेप सोडायला सुरुवात केली. दोन वर्षांचा चिकटा होता. निघताना कातडीही थोडी निघाली. काडी तिने कचऱ्याच्या डब्यात टाकली. बोट आखडले होते. तिने ते चार-पाच वेळा उघडले, मिटले आणि यंत्रासमोर बसली.

“किती वेढे?” मिस्त्रींनी विचारले.

“माहीत न्हाई, अण्णा. मास्तर वाजवत राहतील का?”

मास्तर वाजवत राहिले. मघाशी लाजेने थांबलेला हात आता कुणापासून काही लपवत नव्हता. शिष्या त्यांच्याकडे पाहत मूठ फिरवत राहिली. तार तिच्या सरळ बोटावरून जात होती, आणि ते बोट त्या अंगठ्याच्या चालीने कधी पुढे, कधी मागे होत होते. वेढे विस्कटत होते, पण अण्णांसारखे नव्हे. साडेसात हजारांच्या जरा पुढे ती थांबली. थोडा विचार केला, आणखी वीस वेढे घातले आणि तार तोडली.

“आठशे कमी?” व्यापारी कुजबुजला. “आवाज पडेल की.”

“मग डबी तारांच्या जरा जवळ घेईन,” ती म्हणाली. तिने मान वर करूनही पाहिले नाही.

मेण पाजून झाले, डबी बसली, तारा चढल्या. बटन दाबताच ती बारीक घूं शेडमध्ये पसरली. वादकांनी अंगठा टेकवला.

काय आवाज होता तो! जत्रेच्या मैदानातला नव्हेच. त्याहून पातळ, त्याहून उजळ. अंगठा तारेला भेटला आणि सुटला, एवढेही ऐकू येत होते. मागे राहणारा चौथा सूर तर असा उमटला, की तो मुद्दामच मागे ठेवला आहे असे ऐकणाऱ्याला वाटावे. वादक एकदा थांबले, आपल्या हाताकडे त्यांनी नवल करत पाहिले आणि पुन्हा वाजवू लागले. या वेळी ते हसत होते.

दारात एक शेतकरी पंप घेऊन आला होता. मिस्त्रींनी त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केले आणि हळूच म्हणाले, “ऐका. आमच्या पोरीनं केलंय.”

सूर विरल्यावर व्यापाऱ्यानेच विचारले, कारण न विचारता त्याला राहवेना. “मिस्त्री, पहिल्या पिकअपमध्ये खोट काय होती ते तरी सांगा.”

मिस्त्री म्हणाले, “काही खोट नव्हती, म्हणून तर कापला. खोट असती तर दुरुस्त करायला लावलं असतं. शेठ, हे मास्तर जवा पहिल्यांदा आले, तवा असा फटका मारायचे की स्पीकर ओरडायचा. त्या फटक्याची धार कमी करायला मी वेढे वाढवले. ते आठ हजार चारशे म्हणजे माझी विद्या नव्हती, ते मास्तरांच्या त्या वेळच्या हाताचं माप होतं. एवढ्या आजारातून उठलेल्या माणसाचा हात तोच राहिला असंल का, ही शंका मला तुम्ही निरोप आणला तवाच आली. आज त्या गुंडाळीत ह्यांचा अंगठा गुदमरला असता, आणि ह्यांनी दोष आपल्या हाताला दिला असता. भरल्या सभेत.” त्यांनी आपले वाकडे बोट वर धरले. “आणि बोटाचं म्हणाल, तर ह्या वाकड्या बोटाशी मी आयुष्यभर झगडलो. ते सांभाळून घेत घेत जे जमलं ते जमलं. ह्या पोरीला देवानं सरळ बोट दिलंय. पाच वर्षं तिनं माझं ऐकलं, अगदी जीव लावून ऐकलं. म्हणूनच मास्तरांचं ऐकायचं राहून गेलं. मला माझा आवाज मागं ठेवायचा न्हाई. ऐकणारा कान मागं ठेवायचाय. तो आज ठेवला. आता माझे हात थरथरले तर थरथरू देत.”

व्यापाऱ्याने मान डोलावली. तरी धंदा तो धंदा. जाता जाता त्याने विचारलेच, “मग त्या शंभर पिकअपना वेढे किती धरायचे?”

“आधी शंभर हात पाठवा,” मिस्त्री म्हणाले, “मग आकडा सांगतो.”

वादकही मोठ्याने हसले. शिष्या मात्र हसली नाही, कारण मिस्त्रींनी तिच्यापुढे चिठ्ठी ठेवली होती. वरचे नाव त्यांनी आपल्या कापऱ्या हाताने लिहिले होते. अक्षर वेडेवाकडे होते, पण वाचता येत होते. खालची जागा रिकामी होती. तिने पेन घेतले आणि कागद जवळ ओढला. आखडलेल्या बोटामुळे तिला नाव लिहायला वेळ लागला. मिस्त्रींनी ते वाचले, फुंकर घालून शाई वाळवली आणि डबी पुन्हा उघडून चिठ्ठी स्वतःच्या हाताने आत सरकवली.

आपल्यालाही कुणी ना कुणी गुरू असतो, आणि त्याच्यासारखे व्हावे असे वाटते. तसे वाटणे चांगले आहे. मात्र काम हाती घेतल्यावर समोर कोण बसले आहे, त्याचा हात आज कसा आहे, हे एकदा कान लावून ऐकावे.

या गोष्टीत मी कुणाचेच नाव सांगितले नाही, कारण दृष्टांतात नावे नसतात असा प्रघात आहे. पण चिठ्ठीवरची दोन नावे लपवणे मला जमणार नाही. त्या गिटारीतला पिकअप आजही उघडलात, तर वर लिहिलेले दिसेल, ‘देवदान रणभिसे’. आणि खाली, जरा जोर देऊन, ‘वनिता लोहार’.